डावखुऱ्याचे सात दगड

कॅथीड्रलच्या भिंतीत साधा खिळा ठोकायचा म्हटला, तरी आधी बाईंना विचारावे लागे. विजेची तार कुठून न्यायची, छतावरचे पाणी कुठल्या बाजूने काढायचे, बागेतले वाळलेले झाड उपटताना खड्डा किती खोल जाऊ द्यायचा, अशा प्रत्येक बाबतीत पुरातत्त्वज्ञाचे मत लेखी घ्यायचे, असा नियमच होता. पुरातत्त्वज्ञ म्हणजे जमिनीत गाडलेले उकरून काढणारा माणूस, अशी लोकांची समजूत असते. बाईंची सत्तावीस वर्षांची नोकरी मात्र मुख्यत्वे इतरांना उकरू न देण्यात गेली होती. आवारातले कारागीर त्यांना पाठीमागे 'नकोबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होते, आणि त्यात खोटे काही नाही, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

त्या शुक्रवारी सकाळी त्या उत्तर दाराच्या परांचीवर चढल्या, तेव्हा मिस्त्री वरच्या फळीवर मांडी घालून त्यांची वाट पाहत बसले होते.

"या, ताई. पण जपून. तिसरी फळी नाचते."

"मग बदलून का घेतली नाही?"

"माझ्याखाली नाही नाचत. तुमच्याखाली नाचेल. तुम्ही विचार करून पाय टाकता ना."

मिस्त्री पासष्टीचे होते. त्यांच्या निवृत्तीची तारीख दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा कोणीच तिची आठवण काढली नव्हती. सोळाव्या वर्षी ते या आवारात आले ते बाईंच्या वडिलांच्या हाताखाली. वडील तेव्हा इथले मुख्य पाथरवट होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्याच वर्षाच्या अखेरीस मास्तर आजारी पडून गेले. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. मिस्त्री त्यांना ताई म्हणत ते वयाने नव्हे, मास्तरांच्या नात्याने.

दाराच्या कमानीतल्या प्रत्येक दगडाला बाईंनी स्वतः क्रमांक दिलेला होता. सत्तेचाळीसच्या दगडावर द्राक्षवेलीची पाने होती. त्याला लागून असलेल्या अठ्ठेचाळीसच्या दगडावर, हातात चाळणी धरलेली एक बाई कोरलेली होती. आठशे वर्षे ती चाळणी धरून उभी होती. गेल्या वर्षीच्या फोटोत तिला दोन्ही गाल होते. आता डाव्या गालाचा पापुद्रा सुटून खाली गेला होता आणि नाकाच्या शेंड्याला चीर पडली होती.

"दुखणं हिचं आहे, पण रोग शेजाऱ्याचा आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी सत्तेचाळीसच्या कडेच्या सांध्यात बारीक सळई घातली, फिरवली आणि तळहातावर भुगा घेऊन बाईंपुढे धरला. "चुना असता तर पिठासारखा आला असता. हे बघा, करडं. खडे खडे."

बाईंनी भुगा बोटांत चोळून पाहिला. तो सिमेंटचा होता.

"वरचा सांधा कोणी तरी नंतर भरला असेल," त्या म्हणाल्या.

"वीतभर आत गेलो मी. मागेपर्यंत हेच आहे. सगळा दगड सिमेंटात बसवलाय." मिस्त्रींनी हात झटकले. "सिमेंटाला काय होतंय? ते ठणठणीत. पाण्याला त्यातून वाट मिळत नाही, म्हणून ते शेजारच्या मऊ दगडात शिरतं आणि तोंडावाटे बाहेर पडतं. या बिचारीच्या तोंडावाटे."

"पण हा दगड आठशे वर्षांचा आहे. तेव्हा सिमेंट नव्हतं."

"तेच तर म्हणतोय मी," मिस्त्री म्हणाले.

सत्तेचाळीसचा दगड हा काही कुठलाही दगड नव्हता. बाईंची सारी विद्वत्ता त्यावर उभी होती. तरुणपणी त्यांनी या वास्तूच्या हजारो दगडांवरच्या छिन्नीच्या खुणा मोजून काढल्या होत्या. बहुतेक कारागीर उजव्या हाताचे. त्यांच्या दातेरी छिन्नीच्या रेघा एका बाजूला कलतात. सात दगडांवर त्या उलट्या बाजूला कललेल्या होत्या. शिवाय त्या सातही दगडांवर, सात दातांच्या छिन्नीतला तिसरा दात तुटलेला असावा, अशी मधली एक रेघ गायब होती. म्हणजे हात एक आणि हत्यारही एक. सातांपैकी दोन दगड उत्तर दारात, त्यांतला एक हा सत्तेचाळीसचा; उरलेले पाच दक्षिण मनोऱ्यात. मनोरा दारानंतर साठ वर्षांनी बांधला, असे तोवरचे विद्वान सांगत आले होते. बाईंनी सिद्ध केले की दोन्ही एकाच माणसाच्या हयातीतले. त्या माणसाला त्यांनी प्रबंधात 'डावखुरा' म्हटले. पुढे प्रबंधाचे पुस्तक झाले, आणि डावखुरा पुस्तकातून निघून दारापाशी पाटीवर जाऊन बसला. मार्गदर्शक पर्यटकांना त्याच्या खऱ्याखोट्या गोष्टी सांगू लागले.

दुपारी आर्किटेक्ट आले. बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, मनाने चांगले, सदा घाईत. त्यांनी सांधा पाहिला, भुगा पाहिला आणि परांचीवरून उतरायच्या आत प्रश्न सोडवून टाकला.

"सोपं आहे. दगड जुनाच. मधे केव्हा तरी सैल झाला असेल, तेव्हा कोणी तरी काढून परत बसवला सिमेंटमध्ये. त्या काळी सगळेच सिमेंट वापरायचे."

"शक्य आहे," बाई म्हणाल्या.

"शक्य काय, तसंच असणार. गुरुवारी समितीपुढे एका वाक्यात लिहा: मूळ दगड, नंतर पुन्हा बसवलेला. म्हणजे आपण त्याला हात लावत नाही. कडेचं सिमेंट जमेल तेवढं खरवडू, चाळणीवाल्या बाईला मलमपट्टी करू."

"त्याने तिचा चेहरा वाचेल?"

"उशिरा जाईल," आर्किटेक्ट म्हणाले. "नववा नियम तुमचाच आहे ना?"

नववा नियम बाईंनीच लिहिला होता. दगड शंभर वर्षांच्या आतला असेल आणि शेजारच्या जुन्या दगडाला इजा करत असेल, तर तो काढून नवा बसवावा. त्याहून जुना असेल तर कोणत्याही कारणाने उपटू नये. सिमेंटात रुतलेला दगड काढायचा म्हणजे तो फुटण्याची भीती. जुन्या दगडाच्या बाबतीत ती जोखीम घ्यायची नाही, इतकाच त्यामागचा विचार.

संध्याकाळी काम थांबल्यावर बाई कारागिरांच्या खोलीत गेल्या. मिस्त्रींनी न विचारता दुसरा कप पुढे सरकवला.

"उत्तर दाराचं काम कोणी केलं होतं? आवारातल्या वहीत 'उत्तर दार, दुरुस्ती' एवढंच आहे. पन्नास वर्षांपूर्वीची नोंद."

"मी यायच्या आदल्या वर्षी. म्हणजे मास्तरांनीच."

"मग नीट लिहून का नाही ठेवलं?"

"मास्तर आणि लिहिणार? त्यांचा डावा हात ठोकायच्या मोगरीला, उजवा छिन्नीला. पेन धरायला तिसरा हात कुठून आणायचा?"

बाईंनी कप खाली ठेवला. "डावा हात मोगरीला?"

"हो. डावखुरे होते ना." मिस्त्रींनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. "तुम्हाला ठाऊक नाही?"

"घरी ते उजव्या हाताने जेवायचे. सही उजव्या हाताने करायचे. माझ्या वह्यांवर आहे त्यांची सही."

"आवारात मुलांना येऊ देत नसत तेव्हा. तुम्ही त्यांना काम करताना पाहिलंच नसणार."

"मग तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

"वा! वडील तुमचे, आणि मी तुम्हाला सांगू?" मिस्त्री थोडे दुखावले. "आणि तुमचा तो डावखुरा आठशे वर्षांपूर्वीचा. जगात डावखुरा एकच होऊन गेला, असं मला काय माहीत? तुम्ही दगडांना सगळं विचारलंत, ताई. मी रोज इथेच बसलेलो असतो."

बाईंनी कप पुन्हा उचलला. मग त्यांनी विचारले, "दगड कुठला वापरायचे?"

"जुनाच. मनोऱ्याचा कठडा पडला होता, त्याचे दगड मागे रचून ठेवलेले. खाणीतला नवा दगड डोळ्यांत खुपतो म्हणायचे. जुन्यातूनच नवा कोरायचे. मग रंगसुद्धा जुळवायला नको."

आईकडे जाण्याचा बाईंचा वार रविवार. त्या शनिवारीच गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या घराचे दार उघडताच आईने विचारले, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं."

"मग आज शनिवारी कशी आलीस, खडू?"

लहानपणी बाबांच्या खिशातले खडू चोरून फरशा रंगवायची, म्हणून पडलेले हे नाव. ते आता जगात एकच व्यक्ती उच्चारत असे, आणि तिचे वय चौऱ्याऐंशी होते.

बाईंनी आडपडदा न ठेवता विचारले, "बाबा डावखुरे होते?"

"म्हणजे काय! पण घरात उजवे. त्यांच्या आईने लहानपणी डावा हात खुर्चीला बांधून ठेवला होता. जेवताना, लिहिताना कोणी बघेल ना. दगड फोडताना कोण बघतंय? तिथे डावा चालायचा." आई पुन्हा तांदूळ निवडायला बसली. "का गं?"

"माझ्या पुस्तकात एक डावखुरा आहे, आई. वाचलंस ना तू ते?"

"पहिली चार पानं. मग तक्ते लागले."

बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी सगळे सांगितले: सात दगड, सिमेंट, चाळणीवाली बाई, गुरुवारची समिती. आईने मध्येच बोट वर केले.

"थांब. तरीच ते नासलेलं दूध घेऊन जायचे."

"कसलं दूध?"

"नासलं की टाकू नको म्हणायचे. बाटलीत भरून न्यायचे. मला वाटे, आवारात मांजरं असतील. एकदा विचारलं तर म्हणाले, दगडाला पाजतो. दूध फासलं की वर्षभरात शेवाळ धरतं, नवा-जुना कळत नाही. मला थट्टाच वाटली." आई हसली. "कोणाला ओळखू आलं तर आपलं काम बिघडलं, असं म्हणायचे ते."

"मला नाही ओळखू आलं."

"मग चांगलंच झालं असणार काम," आई सहज म्हणाली.

बाईंची नजर खिडकीवर गेली. स्वयंपाकघराची ती खिडकी वर उचलली की आपोआप खाली घसरे. म्हणून तिच्या चौकटीच्या खाचेत बाबांची एक जुनी छिन्नी खोचून ठेवलेली असे. 'खिडकीची छिन्नी' असे तिला घरात नावच होते. दांडा खोलीकडे, तोंड खाचेत. पन्नास वर्षे बाई तिचा दांडाच पाहत आल्या होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी छिन्नी ओढून काढली. खिडकी धाडकन खाली आली.

"अगं, बोटं जातील!"

छिन्नीच्या तोंडावर तीन-चार वेळच्या तेलरंगाचे थर होते. बाईंनी जुन्या टूथब्रशने आणि सुरीच्या टोकाने ते हळूहळू सोडवले. सात दात. तिसरा मुळापासून तुटलेला. मोजायची खरे तर गरज नव्हती; ती मापे त्यांना स्वतःच्या फोन नंबरासारखी पाठ होती. तरी सवयीने त्यांनी पर्समधली पट्टी काढली आणि दोनदा मोजले.

सोमवारी ऑफिसात त्यांनी सातही दगडांचे प्लॅस्टरचे ठसे कपाटातून काढून टेबलावर मांडले आणि छिन्नी प्रत्येकावर ठेवून पाहिली. दात रेघांत बसले. जिथे दात नव्हता, तिथे रेघही नव्हती. दारातले दोन आणि मनोऱ्यातले पाच, सगळे एकाच माणसाचे होते. तेवढे त्यांनी तरुणपणी बरोबर ओळखले होते.

मंगळवार असाच गेला. आर्किटेक्टांचे वाक्य कागदावर लिहून टेबलावर पडले होते: मूळ दगड, नंतर पुन्हा बसवलेला. ते खोटे ठरवू शकेल अशी एकच वस्तू जगात होती आणि ती बाईंच्या खणात होती. वाक्य तसेच राहू दिले असते तर बाबांचा दगड कमानीत राहिला असता, डावखुरा पाटीवर राहिला असता आणि पुस्तक कपाटात ताठ मानेने उभे राहिले असते. खरे लिहिले, तर बाबांचा दगड उपटण्याचा हुकूम आपल्याच सहीने निघणार, हे बाईंना दिसत होते. त्यांना लाज वाटत होती, की दुःख होत होते, की रागच आला होता, हे त्यांचे त्यांनाही नीट ठरवता येईना. त्यांनी त्या दिवशी दोन जुनी पत्रे निकालात काढली आणि टेबलाचा खण दोनदा उघडून बंद केला.

बुधवारी सकाळी त्या परांचीवर गेल्या. चाळणीवाल्या बाईच्या नाकाचा शेंडा रात्रीत सुटून फळीवर पडला होता. बाईंनी तो चिमट्याने उचलून लिफाफ्यात घातला आणि सवयीप्रमाणे लिफाफ्यावर क्रमांक घातला. तीन वर्षांतला तो एकविसावा लिफाफा होता. तो हातात धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खाली उतरून ऑफिसात गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी अहवाल लिहून पुरा केला.

गुरुवारच्या बैठकीला कॅथीड्रलचे प्रमुख फादर, आर्किटेक्ट, समितीचे चार सभासद आणि खास बोलावलेले मिस्त्री होते. बाईंनी अहवाल एका सुरात वाचला. शेवटी छिन्नी टेबलावर ठेवली.

"म्हणजे तो मध्ययुगीन डावखुरा कारागीर…" फादर चाचरले.

"नव्हता."

"आणि हे दगड कोरणारा जो कोण होता, तो…"

"माझे वडील."

मिस्त्री खोकले, पण ते खोकणे नसावे.

आर्किटेक्ट कळवळून म्हणाले, "पण पुरावा काय, तर स्वयंपाकघरातल्या खिडकीची छिन्नी! बाई, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. उद्या सगळे विचारतील, मनोरा मग केव्हाचा?"

"आधीचे लोक म्हणत होते, तेव्हाचाच असेल. किंवा नसेल. नव्याने पाहावं लागेल. या दगडांवरून मात्र आता काही ठरवता येणार नाही."

"तुमच्या घरचा संबंध आहे," फादर हळुवारपणे म्हणाले. "बाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाकडून तपासून घेतलं तर तुम्हाला वाईट वाटेल का?"

"नाही. घ्याच. उलट मीच तसं लिहिलंय, शेवटच्या पानावर. पण तपासणी लांबली तर दगड तसाच राहायला नको. थंडीत सांध्यातलं पाणी गोठलं की चाळणीवालीचं तोंड उरणार नाही. आठवड्याभरात तपासा. मग नववा नियम."

"आणि दारापाशी ती पाटी आहे…"

"ती मी स्वतः उतरवून घेईन," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. तिचे स्क्रू जुन्या सांध्यात आहेत."

मिस्त्री या वेळी उघडच हसले.

बाहेरच्या तज्ज्ञाने तीन दिवस तपासले आणि बाईंच्या अहवालाखाली सही केली. दगड काढायला चार दिवस लागले. मिस्त्रींनी सिमेंटात बारीक भोकांची माळ पाडली आणि भोकाभोकांतून ते कोरत गेले. बाई शेजारी बसून प्रत्येक टप्प्याचे चित्र काढत होत्या.

"फुटला तर?" त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारले.

"नाही फुटणार."

"बाबांनी बसवलाय म्हणून?"

"छे! मी काढतोय म्हणून. बसवताना मास्तरांनी काय केलंय ते बघा की. एवढं सिमेंट! त्यात धरण उभं राहिलं असतं."

चौथ्या दिवशी दुपारी दगड अखंड बाहेर आला. दोघांनी तो घोंगडीवर उतरवला आणि उलटा केला. मागच्या बाजूला कठड्याची जुनी नक्षी उलटी राहून गेली होती. बाकी काही नव्हते. नाव नाही, साल नाही, कारागिरांची असते तशी खूणही नाही.

"मला वाटलं होतं, मागे तरी काही लिहिलं असेल," मिस्त्री म्हणाले.

बाईंनाही तसेच वाटले होते. त्यांनी मागच्या बाजूची मापे घेतली.

नवा दगड मिस्त्रीच कोरणार होते. तो चुन्यात बसणार होता आणि त्याच्या पाठीवर साल कोरले जाणार होते; तोही बाईंचाच एक नियम होता. काम सुरू करण्याआधी मिस्त्री ऑफिसात येऊन घुटमळले.

"ती छिन्नी द्या ना चार दिवस. पाती चांगली आहे. मास्तरांच्या दगडाच्या जागी मास्तरांच्याच छिन्नीने कोरतो."

"नको."

"वाटलंच होतं."

"पुढे कोणी तरी तुमचा दगड मोजेल, मिस्त्री, आणि परत फसेल. साध्या छिन्नीने करा. आणि दूध बिध काही फासू नका."

"आता दूध नासतंय कुठे? फ्रिज आलेत," मिस्त्री म्हणाले आणि गेले.

काढलेला दगड कोठारातल्या फळीवर ठेवला गेला. त्याचे तीस वर्षांपूर्वीचे कार्ड बाईंच्याच अक्षरातले होते. 'काळ' या शब्दापुढचा मजकूर त्यांनी एका रेघेत खोडला आणि त्यावर पन्नास वर्षांपूर्वीचे साल लिहिले. 'कारागीर' या शब्दापुढे 'अज्ञात' होते. ते खोडून 'या आवाराचे मुख्य पाथरवट' असे लिहिले. 'हात' या शब्दापुढे 'डावा' होते. तिथे काही करावे लागले नाही. मग त्यांनी उरलेल्या सहा दगडांची कार्डे काढली, आणि मनोऱ्यावरच्या पाच दगडांमागेही सिमेंट आहे का, ते पाहण्यासाठी परांचीची मागणी टाईप करायला घेतली.

रविवारी त्या आईकडे गेल्या. खिडकीखाली जाडजूड पुस्तक उभे करून ठेवले होते. बाईंचेच.

"मग काय करू?" आई म्हणाली. "तू छिन्नी घेऊन गेलीस. घरात एवढं जाड दुसरं काही नव्हतं."

"असू दे. आणलीय मी."

छिन्नीचे फोटो, मापे, ठसे सगळे झाले होते. संग्रहालयाने ती मागितली होती, आणि आईच्या हयातीत ती मिळणार नाही, असे बाईंनी त्यांना लेखी कळवले होते. त्यांनी पुस्तक काढून घेतले, पदार्थांचे डाग पुसले आणि छिन्नी खाचेत खोचली. दांडा बाहेरच्या बाजूला, दात खोलीकडे.

"उलटी लावलीस, खडू," आई म्हणाली.

"धरते आहे ना खिडकी?"

आईने खिडकी हलवून पाहिली. धरत होती.